दाराजवळची फळी दबतेय? आधी डेकखाली शिरा

एका ताईंचं पत्र आलंय, थोडं आटोपशीर करून देतो:

"घर घेतलं तेव्हा मागच्या बाजूला लाकडी डेक आयताच मिळाला. साधारण १२ बाय १० फूट, जमिनीपासून ४ फूट उंच, एक बाजू घराच्या भिंतीला जोडलेली. किती जुना आहे माहीत नाही. हल्ली दारातून बाहेर पाऊल टाकलं की पहिली फळी दबल्यासारखी वाटते. मधल्या तीन-चार फळ्यांच्या कडा वर उचलल्यात आणि त्यात पाणी साचतं. कठड्याला टेकलं तर तो किंचित हलतो. सासरे म्हणतात फळ्या काढून उलट्या ठोकू, रंधा मारू, वरून वॉर्निशचे दोन हात, झालं काम. मिस्टर म्हणतात सगळंच पाडा आणि नवीन बांधा. पुढच्या महिन्यात घरी वीसेक माणसं येणार आहेत. आमच्याकडे ड्रिल मशीन आहे, हातकरवत आहे आणि सासऱ्यांची जुनी हत्यारं आहेत. यातलं आम्ही स्वतः किती करू शकतो?"

ताई, तुम्ही तीन तक्रारी एका दमात लिहिल्यात पण तिन्ही एका वजनाच्या नाहीत. कडा उचललेल्या फळ्या म्हणजे दिसायला वाईट, पायाला ठेच लागणार, बाकी काही नाही. कठडा हलणं हे त्याहून बरंच गंभीर. आणि दाराजवळची ती दबणारी फळी, जी तुम्ही अगदी सहज सांगून टाकलीत, माझं सगळं लक्ष तिच्यावर गेलंय. कारण दाराजवळ म्हणजे घराच्या भिंतीजवळ, आणि डेक जिथे घराला जोडलेला असतो तीच त्याची सगळ्यात नाजूक जागा. सासरे काय आणि मिस्टर काय, दोघंही वरून बघून बोलतायत. आधी कोणीतरी टॉर्च घेऊन खाली शिरायला हवं. चार फूट उंची आहे म्हणजे वाकून आरामात जाता येईल, जुने कपडे घाला, डोक्यावर काहीतरी बांधा आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर बरोबर घ्या.

खाली गेलात की भिंतीला समांतर, भिंतीला चिकटून एक जाड आडवी फळी दिसेल, तिला लेजर म्हणतात. डेकचे वासे, म्हणजे ज्यांना जॉइस्ट म्हणतात ते, एका टोकाला या लेजरवर टेकलेले असतात आणि दुसऱ्या टोकाला खांबांवरच्या तुळईवर. म्हणजे हिशोब करा, डेकचं जवळजवळ अर्धं वजन या एका फळीवर आणि ती फळी भिंतीला कशाने धरली आहे त्याच्यावर. आता बघायचं काय तर ती बोल्टने किंवा जाड लॅग स्क्रूने धरली आहे की नुसत्या खिळ्यांनी. षटकोनी डोकी आणि त्याखाली वॉशर दिसले तर निदान बांधणाऱ्याला अक्कल होती असं समजा. नुसती खिळ्यांची गोल चपटी डोकी दिसली तर त्या डेकवर माणसं गोळा करू नका, मग लाकूड कितीही टणक का असेना. खिळा आडव्या कापाला बऱ्यापैकी टिकतो पण बाहेर ओढला गेला की सरळ निघून येतो. माणसं डेकवर चालतात, हलतात, कठड्याकडे झुकतात, तसा डेक घरापासून लांब ओढला जातो. आणि यात वाईट भाग असा की असा डेक हळूहळू वाकून सूचना देत नाही, भिंतीपासून एकदम सुटतो आणि सगळा एका बाजूने खाली येतो. डेक कोसळण्याचे जे प्रकार होतात त्यात ही भिंतीची जोडणी सुटणं हे नेहमीचं कारण आहे.

वीस माणसं म्हणजे ७० किलोच्या हिशोबाने १४०० किलो झाले. नीट बांधलेला डेक दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन धरून बांधतात, तुमचा डेक ११ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे २२०० किलोपर्यंत. तेव्हा धडधाकट डेकला वीस माणसं जड नाहीत. प्रश्न एवढाच की तुमचा डेक धडधाकट आहे का.

ते बघायला स्क्रूड्रायव्हर. लेजरच्या वरच्या कडेला, बोल्टच्या आजूबाजूला, वाशांची टोकं जिथे लेजरला भिडतात तिथे आणि खांबांच्या बुडाशी टोक जोरात दाबून बघा. चांगल्या लाकडात ते जेमतेम रुततं. दोन-चार सूत आरामात आत गेलं तर कूज आहे. अजून एक जुनी परीक्षा आहे, टोक थोडं आत घालून लाकडाचा एक कपचा उचकटायचा. चांगलं लाकूड लांब, धागेदार चिरफळी देऊन कडकन तुटतं, कुजायला लागलेलं लाकूड आवाज न करता आखूड तुकड्यात तुटतं, शिळ्या ब्रेडसारखं. ही परीक्षा महत्त्वाची कारण कूज सुरुवातीला डोळ्याला दिसतच नाही, रंगही फारसा बदललेला नसतो. हातोडीने ठोकूनही बघा, भरीव आवाज आणि भदभद आवाज यातला फरक सासऱ्यांच्या कानाला लगेच कळेल, जुन्या हत्यारवाल्या माणसांचे कान चांगले असतात.

लेजरच का कुजते तर तिथे पाणी अडकतं म्हणून. भिंतीवरून ओघळलेलं पाणी, दारातून झाडून बाहेर काढलेलं पाणी, सगळं लेजर आणि भिंत यांच्या फटीत उतरतं आणि तिथे ना ऊन ना वारा. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला त्यात वाढता येत नाही, म्हणून घरातलं टेबल शंभर वर्षं टिकतं आणि तेच लाकूड बाहेर पाच वर्षांत भुगा होतं. पाऊस पडला म्हणून लाकूड कुजत नाही हो, पडलेला पाऊस वाळला नाही म्हणून कुजतं. यावर उपाय म्हणजे फ्लॅशिंग, पत्र्याची किंवा प्लास्टिकची काटकोनात वाकवलेली पट्टी, तिची वरची बाजू भिंतीच्या आवरणाच्या आत जाते आणि खालची लेजरवरून पुढे येऊन पाणी बाहेर टाकते. तुमच्याकडे ती आहे का बघा. नसेल तर दबणाऱ्या फळीचं कोडं बहुतेक तिथेच सुटलं.

आता समजा लेजर कुजलेली निघाली. हे काम तुम्ही घरच्या घरी करू नका, सरळच सांगतो. लेजर काढायची म्हणजे आधी वाशांखाली तात्पुरती तुळई आणि टेकू लावून सगळा डेक उचलून धरायचा, मग भिंत उघडायची, भिंतीच्या आतलं लाकूडही कुजलंय का बघायचं. टेकू सरकला तर खाली माणूस असतो. यासाठी कामाची माहिती असलेला माणूस बोलवा. पण त्याला एक विचारून बघा, लेजर नव्याने बसवण्यापेक्षा भिंतीपासून फूटभर अंतरावर खांबांची एक नवी रांग आणि त्यावर तुळई टाकून डेक स्वतःच्या पायावर उभा करता येईल का. मला स्वतःला हा मार्ग जास्त आवडतो, घराच्या भिंतीला भोकं नाहीत, पाणी अडकायला जागा नाही, आणि भिंतीला बाहेरून नुसता विटांचा पातळ थर लावलेला असेल तर त्यात बोल्ट मारणं मुळातच चूक असतं. फक्त घराला टेकू नाही म्हटल्यावर डेक झुलू नये म्हणून खांब आणि तुळई यांच्यात तिरपे आधार द्यावे लागतात, ते विसरायला देऊ नका.

लेजर ठणठणीत आहे आणि नुसता एखाद-दुसरा वासा गेलाय असं निघालं तर मात्र ते तुमच्या आवाक्यातलं आहे. वासे बहुधा वरच्या कडेने कुजतात, फळीच्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत जातं तिथून. कूज वरवरची असेल, म्हणजे अर्धा इंच वगैरे, तर तेवढी पटाशीने खरवडून काढा, उरलेल्या लाकडाला जंतुनाशक म्हणजे तो तांब्याचा हिरवट प्रिझर्व्हेटिव्ह लावा आणि बाजूला त्याच मापाचा नवीन वासा पूर्ण लांबीचा, दोन्ही टोकांना आधारावर टेकेल असा, बोल्टने जोडून द्या. पूर्ण लांबीचा म्हणजे पूर्ण लांबीचा. लोक मध्येच दोन फुटाची पट्टी ठोकतात आणि समाधान मानतात, तिचा उपयोग जखमेला चिकटपट्टी लावल्याइतकाच. कूज खोल असेल तर तो वासा काढूनच टाका. आणि फळ्या उघडल्याच आहेत तर सगळ्या वाशांच्या डोक्यावर ती चिकट ब्युटाइल टेप लावून घ्या, स्क्रू तिच्यातून गेला की ती त्याच्याभोवती बसते आणि पाणी आत जात नाही. एक तासाचं काम आहे आणि परत हा वरचा भाग उघडा कधी मिळणार?

खांबांकडे पण बघा. खांब थेट मातीत पुरलेला असेल तर जमिनीच्या पातळीवर थोडी माती उकरून स्क्रूड्रायव्हर मारा, खांब जमिनीच्या वरही नाही आणि फार खालीही नाही, बरोबर जमिनीलगत जातो कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे भेटतात. काँक्रीटवर उभा असेल तर मध्ये लोखंडी बूट आहे का, खांबाचं बूड काँक्रीटपासून इंचभर तरी वर आहे का. लाकडाचं कापलेलं टोक पाणी पितं ते फळीच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटीने जास्त, स्ट्रॉच्या जुडग्यासारखंच असतं ते.

कठडा. हा हलतो याची दोन कारणं असतात, एक तर बोल्ट ढिले झालेत किंवा मुळात बांधणीच कच्ची आहे. आधी पाना घेऊन बोल्ट आवळा, लाकूड वर्षानुवर्षं सुकून आक्रसतं आणि घट्ट बोल्ट ढिले पडतात, कधीकधी एवढ्यानेच काम होतं. आवळूनही हलत असेल तर खांबी, म्हणजे कठड्याचा उभा दांडा, कशाला जोडली आहे ते बघा. नुसती डेकच्या बाहेरच्या कडेच्या फळीला जोडली असेल तर तुम्ही कठड्याला टेकलात की ती फळीच वाशांपासून उचकटते. तीन फूट उंचीवरून माणूस टेकला की खाली पहार लावल्यासारखा जोर येतो. खांबीमागे वाशांच्या मध्ये आडवे ठोकळे बसवा आणि दोन आरपार बोल्टने खांबी त्या ठोकळ्यांसकट बांधा, वरचा बोल्ट आत वाशापर्यंत पट्टीने ओढून धरला तर उत्तम. खांबीला खालून खाच पाडून बसवलेली असेल, दिसायला सुबक दिसते ती, तर ती खाचेतूनच चिरते, अशी खांबी बदलाच. कठडा किमान ३६ इंच उंच आणि दांड्यांच्या मधून ४ इंचाचा चेंडू जाऊ नये हा बऱ्याच ठिकाणचा नियम आहे, तुमच्याकडच्या नियमात जास्त उंची मागितली असेल तर ती धरा. वरच्या दांडीला कुठेही ९० किलोचा धक्का सोसला पाहिजे, हे लक्षात ठेवून बांधा.

आता फळ्या, सासऱ्यांचा विषय. कडा का उचलतात तर फळी आडवी आक्रसते, उभी नाही, आणि खोडाच्या वळ्यांना धरून जास्त आक्रसते, केंद्राच्या दिशेने कमी, साधारण दुप्पट फरक असतो. त्यामुळे सुकताना वळ्या सरळ व्हायला बघतात आणि फळी पन्हाळीसारखी होते. सालीकडची बाजू वर ठेवायची का खाली यावर दोन सुतार एकत्र बसले की भांडण ठरलेलं, मी त्यात पडत नाही, मी जी बाजू कमी गाठींची आणि चांगली दिसते ती वर ठेवतो आणि स्क्रू नीट मारतो. थोड्या उचललेल्या फळ्यांना प्रत्येक वाशावर दोन स्क्रू, कडेपासून इंचभर आत, एवढं केलं तरी बऱ्याच खाली बसतात. फार वाकलेल्या असतील तर बदला.

उलट्या करून ठोकायला माझी हरकत दोन गोष्टींसाठी. एक, जुन्या भोकांतून पाणी जाऊन वाशाला लागलेली बाजू आधीच काळी झालेली असते, बरेचदा वरच्यापेक्षा खालची बाजूच जास्त खराब निघते. एक फळी उलटी करून बघा, चांगली निघाली तर खुशाल वापरा. दोन, रंधा. प्रेशर ट्रीटेड, म्हणजे दाबाने औषध मुरवलेलं लाकूड असेल तर औषध बाहेरच्या थरातच चांगलं मुरलेलं असतं, रंधा मारून तुम्ही नेमका तोच थर काढून टाकता. आणि डेकचं वय माहीत नाही म्हणताय म्हणून सांगतो, जुन्या ट्रीटेड लाकडात आर्सेनिक असायचं, अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीला बंद झालं. तेव्हा जुनं हिरवट लाकूड घासायचं नाही, कापायचं तर मास्क लावून, आणि तुकडे चुलीत, शेकोटीत अजिबात जाळायचे नाहीत, राखेत विष राहतं. सासऱ्यांना सांगा रंध्याला दुसरं काम काढू. पटाशी मात्र लागणारच आहे, तिला धार करून ठेवायला सांगा, गुण्या आणि ओळंबा पण काढून ठेवू देत.

नवीन फळ्या घ्याल तर दुकानात लाकूड ओलं आहे का सुकं ते आधी विचारा कारण फटीचा हिशोब त्यावर आहे. सुक्या फळीला मध्ये सूतभर फट, एक खिळा मध्ये धरून माप घेतलं तरी चालतं. ओलसर ट्रीटेड फळ्या मात्र एकमेकींना चिकटवूनच बसवा, सहा इंची फळी सुकताना एक-दोन सूत आक्रसते, फट आपोआप पडते, आधीच फट ठेवलीत तर नंतर पेन्सिल खाली पडेल एवढी होते. वाशांमधलं अंतर १६ इंचांपेक्षा जास्त असेल तर इंचभर जाडीच्या फळ्या पायाखाली लवलवतात हेही मोजून घ्या, कधीकधी दबणाऱ्या फळीचं कारण कूज नसून हे असतं, आणि तसं निघालं तर मध्ये एक वासा वाढवला की सुटलात. फळीच्या टोकाजवळ आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू, नाहीतर टोक फाटतं. आणि प्रत्येक कापलेल्या टोकाला प्रिझर्व्हेटिव्हचा हात, आळस न करता.

स्क्रूबद्दल माझीच फजिती सांगतो. माझ्या पहिल्या डेकला मी घरात पडलेले पिवळे चकचकीत स्क्रू वापरले, म्हटलं स्क्रू तो स्क्रू. ट्रीटेड लाकडात तांब्याचं औषध असतं, ओलाव्यात तांबं आणि लोखंड एकत्र आलं की लोखंड खाल्लं जातं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वर्षी प्रत्येक स्क्रूभोवती काळा डाग आणि काढायला गेलो तर डोकी हातात आणि धड लाकडात. दीडशेच्या वर स्क्रू होते. तेव्हा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेले, किंवा स्टेनलेस स्टील, मी तरी हे दोनच वापरतो, आणि वाशांचे लोखंडी हँगर, म्हणजे वाशाचं टोक धरणाऱ्या खोबणी, गॅल्व्हनाइज्ड असतील तर त्यात स्क्रू-खिळेही गॅल्व्हनाइज्डच, स्टेनलेस हँगरला स्टेनलेस. ट्रीटेड लाकडाला लागून अॅल्युमिनियमची फ्लॅशिंग पण नको, त्याच कारणाने.

वॉर्निश नको. वॉर्निश लाकडावर कातडी धरतं, लाकूड फुगतं-आक्रसतं, कातडीला चीर पडते, चिरेतून पाणी आत जातं आणि मग तीच कातडी ते बाहेर येऊ देत नाही. दोन वर्षांत पापुद्रे आणि मग सगळं खरवडत बसा. त्याऐवजी लाकडात मुरणारं डेक ऑइल किंवा स्टेन लावा, थोडा रंग असलेला, कारण ऊन अडवतो तो रंगच. ते फिकं पडतं पण सोलत नाही, धुऊन परत एक हात दिला की झालं. नवीन ओल्या लाकडाला लगेच लावू नका, लाकडावर पाण्याचे थेंब टाका, थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर अजून थांबा, मुरले तर लाकूड तेल प्यायला तयार आहे. पातळ हात द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं पुसून घ्या. जुन्या फळ्या धुवायला प्रेशर वॉशरचा मोह होईल, तो लांबून आणि कमी दाबाने, नाहीतर लाकडाचे मऊ धागे उडून जातात आणि फळी कंगव्यासारखी होते. ब्रश आणि साबणाचं पाणी बरं.

आणि हे कृपया नीट वाचा, तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल वगैरे हवेत वाळताना गरम होतं, चिंध्यांच्या गोळ्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता आग लागते. उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बंद डब्यात बुडवून ठेवा.

तर पाडायचं का नाही, मिस्टरांचा प्रश्न. लेजर, तुळई आणि खांब चांगले असतील तर पाडायचं काहीच कारण नाही, वासे-फळ्या-कठडा एकेक करून होतं आणि ते तुम्ही तिघं मिळून तीन-चार सुट्ट्यांत कराल. लेजर, तुळई, खांब यांपैकी दोन कुजलेले निघाले तर मिस्टर बरोबर, मग डागडुजीत जीव घालू नका. पुढच्या महिन्याच्या मंडळींचं म्हणाल तर खालून तपासणी होऊन लेजर बोल्टवाली आणि टणक आहे हे कळेपर्यंत कोणालाही डेकवर बसवू नका, तोपर्यंत सगळे अंगणात बसू देत, आणि त्या दाराला आतून कडी लावा, मुलं असतात घरात.

या रविवारी दाराजवळच्या पहिल्या दोन फळ्या उघडा, खालून टॉर्च मारून लेजरचे फोटो काढा, बोल्टच्या डोक्यांचे जवळून, वाशांची टोकं लेजरला भिडतात तिथले, आणि स्क्रूड्रायव्हर जिथे सगळ्यात आत गेला तिथे तो तसाच रोवलेला ठेवून एक. ते पाठवा, मग बोलू.